बटणाची शिकवणी

३ मार्च, दुपारी

घरात मांजराचं पिल्लू आलं. पिल्लू तरी कशाला म्हणायचं, पिळून टाकलेला मोजा. एक डोळा चिपडाने बंद, आणि दुसऱ्याने माझ्याकडे असं बघत होतं जणू मीच त्याच्या घरात राहायला आलेय. नातीने शाळेतून येताना बेकरीमागच्या खोक्यातून उचललं आणि स्वेटरमध्ये गुंडाळून आणलं. स्वेटरवर पिसवांची कवायत चाललेली. लिहितानासुद्धा अंग खाजतंय. शी.

नात म्हणाली, आजी, याचं नाव बटण. का, तर नाक काळं आणि वाटोळं. केवढी हुशार पोर. शिंप्याच्या घरातलं मांजर, नाव कसं शोभून दिसलं. हिच्या वयाचा असताना हिचा बाप, शर्टाला बाह्या किती विचारलं तर आधी स्वतःचे हात मोजून बघायचा. आणि आता मास्तर म्हणतात त्याला.

सूनबाईने मात्र कात्री खाली ठेवली. ती हातातली कात्री खाली ठेवते तेव्हा आपण समजून घ्यायचं. म्हणाली, पुढे दुकान, मागे घर, मधे नुसता पडदा. त्यात बँडमास्तरची ऑर्डर घेतलीय, अख्ख्या बँडचे लाल कोट. एवढं मोठं काम दुकानात पहिल्यांदा आलंय. त्याच्यावर मांजराने घाण केली तर तोंड कुठे लपवायचं?

बेकरीवाली बाई गोदामात ठेवून घेईल, असंही सूनबाई म्हणाली, उंदीर मारायला. तर नात म्हणाली, तिथे मोठा बोका आहे, तो पिल्लं मारतो, म्हणून तर हे खोक्यात लपलं होतं. आणि तिचे डोळे भरले. ते काही मला बघवत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, मी बघते त्याचं सगळं. तीन लेकरं वाढवली मी, एक गादी वाया जाऊ दिली नाही. हे तर एवढंसं. आठ दिवसांत माणसात आणते.

सूनबाई म्हणाली, ठीक आहे आई, तुमच्या शब्दावर. पण गिऱ्हाइकाच्या कापडावर त्याने घाण केलेली दिसली की त्याच दिवशी गोदामात.

मुलगा काही बोलला नाही. तो कधी बोलत नाही, तोंडात टाचण्या असतात.

५ मार्च

जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्या मांडीवरून नेलं, आणि माझ्या मांडीवरच त्याने काय केलं ते इथे लिहिणार नाही. डॉक्टरने डोळ्याचं औषध दिलं, पिसवांची पावडर दिली, आणि म्हणाला, ट्रेमध्ये वाळू घाला, तिथे नेऊन सोडा, ते आपोआप शिकतं, काही करावं लागत नाही.

आपोआप. ही हल्लीची डॉक्टरं. आपोआप काय शिकतं जगात? हा माझा मुलगा आपोआप शिकला असता तर अजून दुपट्यात असता.

सूनबाईने पिशवीभर वाळू आणली. विकतची. माती विकत आणायचे दिवस आले. पिशवी चांगली जड आहे, मागचं दार वाऱ्याने आपटतं त्याला टेकवून ठेवली. आता दार आपटत नाही.

ट्रेसाठी माझ्याकडे घरचा माल आहे. दुकानात कातरणीचे ढीग पडलेत, सगळी लाल, बँडच्या कोटांची. मऊ, स्वच्छ, फुकट. माझ्या तिन्ही लेकरांची दुपटी कातरण जोडून जोडूनच शिवली होती. त्या वाळूत बसून बघावं एकदा डॉक्टरने.

ट्रे न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवलाय. तिकडे कुणी फिरकत नाही. सगळ्यांना किळस. मला काय कमी आहे? पण मी नाकात निलगिरीच्या तेलाचा बोळा घालून जाते. घाण करणाऱ्याला लाज नाही, तर काढणाऱ्याने निदान वास तरी का घ्यावा.

७ मार्च

माझ्या चपलेत केलं. डावीत.

चूक चपलेची आहे. तिची जागा तिथे नव्हतीच. मीच काल तिथे काढली होती, कारण सूनबाईने माझ्या जागेवर कापडाचे तागे लावून ठेवलेत. म्हणजे मुळात चूक कुणाची ते उघड आहे.

संध्याकाळी दूध ओकलं. ओकून परत ते चाटायला लागलं. मी जेवले नाही. म्हणजे थोडंसं जेवले.

८ मार्च

उद्यापासून खरी शिकवणी. माझी पद्धत कुणाला सांगितलेली नाही, हातातली विद्या सांगत सुटू नये. पण इथे लिहायला हरकत नाही. लेकरू पायांवर धरायचं आणि तोंडाने शूऽऽ करायचं. शूऽऽ म्हटलं की लेकरू मोकळं होतं. माझी तिन्ही अशीच शिकली. थोरला तर इतका शिकला की मोठेपणीसुद्धा नळ सोडला की उठून जायचा. आता दुसऱ्या गावी साहेब आहे तो.

१० मार्च, सकाळी

झालं. ट्रेमध्ये नेलं, लाल कातरणीवर उभं केलं, शूऽऽ म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, कातरणीकडे बघितलं, पुढच्या पायांनी ती जरा मळली आणि बसलं. डोळे मिटून, अगदी समाधानाने. मीही बघत राहिले. शी. पण बघत राहिले.

नातीला सांगितलं तेव्हा तिने माझा मुका घेतला. म्हणाली, आजी, तू काय जादू केलीस? मी नुसती हसले.

१२ मार्च

पुरतं शिकलं. दिवसातून चारदा नेते. नुसतं शूऽऽ म्हणायचा अवकाश, कुठे असेल तिथून येतं आणि कापडावर जाऊन उभं राहतं. डॉक्टरला बोलावून दाखवावं असं आहे.

उरलेल्या वेळात मी दुकानात बसते. बसते म्हणजे लक्ष ठेवते. पूर्वी या दुकानाची सगळी काजं माझ्या हातची. आता काजाचं मशीन आलंय. सूनबाई म्हणते, आई, डोळ्यांना त्रास नको. डोळे माझे उत्तम आहेत, सुयाच हल्ली बारीक यायला लागल्यात. मशीनचं काज मी बघितलंय. उंदराने कुरतडावं तसं दिसतं. पण मी बोलत नाही. मला आता मांजराचं काम आहे. सकाळी उठले की आधी तेच डोक्यात येतं, आज त्याचं पोट साफ झालं असेल का. एवढी घाण आयुष्यात कुणी माझ्या डोक्यात घातली नव्हती.

१४ मार्च

दुकानात वाफेची इस्त्री आली. लाल कापड जाड आहे, साध्या इस्त्रीला दाद देत नाही म्हणे. मुलगा लहान पोरासारखा तिच्याशी खेळत बसला. बटण दाबलं की शूऽऽ करून वाफ सोडते. दिवसभर तेच चाललंय, कॉलर शूऽऽ, बाही शूऽऽ, कान किटले.

आमचं बटण माझ्या पायाशी झोपलं होतं, ते दचकून उठलं आणि कापायच्या टेबलामागे पळालं. घाबरलं बिचारं. बऱ्याच वेळाने बाहेर आलं. चेहरा अगदी शांत होता.

१६ मार्च

सूनबाई म्हणते दुकानात वास येतोय. मला तर येत नाही. माझं नाक म्हणजे नाक आहे, शेजारणीकडे दूध उतू जाण्याआधी मला कळतं. मी बोळा काढायचं विसरले होते हे खरं, पण म्हणून काय झालं, खरा वास बोळ्याला ऐकतो होय?

तिने मांजराकडे बघितलं. मी म्हटलं, खबरदार. रोज माझ्या डोळ्यांदेखत ट्रेमध्ये जातं ते. वास गटाराचा आहे. मग नळवाल्याला बोलवायचं ठरलं.

१७ मार्च

नळवाल्याने न्हाणीघराची मोरी उघडली. आतून जे निघालं त्याला रंग नव्हता आणि नाव नव्हतं. केस होते. एक मोजा होता. आणि आमचा हरवलेला एक चमचा. मी म्हटलं फेकून द्या. सूनबाईने उकळून परत डब्यात ठेवला, आणि कुठला तो सांगत नाही. तेव्हापासून मी चहा न ढवळता पितेय.

नळवाला म्हणाला, आजी, पाईप एकदम साफ आहे, वास पुढून येतोय. मी म्हटलं, तुला काय कळतं, तुझं नाक मोरीत गेलं सगळं. तो म्हणाला, गेलंय खरं आजी, तरी येतोय.

१९ मार्च, संध्याकाळी

बँडमास्तर ट्रायलला आला. धिप्पाड माणूस, गाल फुंकून फुंकून सैल पडलेले. मुलाने त्याला कोट चढवला. छातीवर सोनेरी पट्टे, काय रुबाब. त्याने आरशात बघितलं, मग खांदा नाकाशी नेला, मग दुसरा नेला. तोंड वाकडं केलं. म्हणाला, मास्तर, कापड कुठून उचललंत?

सूनबाई पांढरी पडली. मुलाच्या तोंडात टाचण्या. म्हटलं, आपणच सांभाळून घ्यायला हवं. मी पुढे झाले आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलं, बाबा, पोटाचं काही आहे का तुझ्या? लाजू नको. फुंकायचं काम म्हणजे वारा उलटा फिरतो कधी कधी.

त्याची मिशी तेवढी हलली. जाताना सूनबाईला म्हणाला, असल्या वासाचे कोट घेणार नाही, समोरच्या दुकानातही शिवतात.

माणसांना मायेने विचारलेलं चालत नाही हल्ली.

२० मार्च

सूनबाई माझ्याशी बोलत नाही. चहा आणून ठेवते, बोलत नाही. चमचा घालून ठेवते. मुद्दाम.

२१ मार्च

एका कोटाच्या अस्तरावर पिवळा डाग निघाला. सूनबाईने तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, आई, काय आहे हे? मी म्हटलं, चहा. ती म्हणाली, चहाला असा वास येतो? मी म्हटलं, तू केलेल्या चहाला येतो. बोलायला नको होतं. पण तो चमचा माझ्या डोक्यातून जात नाही.

तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, मांजर आजच्या आज जाईल.

नात तेव्हापासून बटणाला पोटाशी धरून कपाटाआड बसली. जेवायला येईना. तो बोका किती मोठा आहे माहीत आहे का बाबा, असं तिने बापाला विचारलं. मुलाने टाचण्या काढल्या, म्हणाला, बघितलंय कुणी याला करताना? मग परत टाचण्या घातल्या. तेवढ्या वाक्यावर पिल्लू वाचलं. सूनबाई म्हणाली, बरं. रविवारी कोट न्यायला येणार आहेत, तोपर्यंत पडद्याबाहेर दिसता कामा नये. आणि करताना दिसलं तर मग कुणाचं ऐकणार नाही.

दिसणारच नाही. मी ठरवलंय, सराव वाढवायचा. आता दिवसातून आठदा नेईन. शिकवणीत ढिलाई नको, ऐन परीक्षेच्या तोंडावर.

२३ मार्च

सराव जोरात. आता मी शूऽऽ पुरतं म्हणतही नाही, नुसता ओठांचा चंबू केला तरी निघतं. कातरण रोज बदलते, ताजी, लाल. पाठ मोडली. हाताला वास असणारच. साबणाच्या दोन वड्या संपवल्या. घरात कुणी माझी दखल घेत नाही, पण रविवारी कळेल सगळ्यांना.

२५ मार्च, रविवार

कळलं.

क्रमाने लिहिते. सगळे कोट धुऊन, वाळवून, इस्त्री करून टेबलावर रचून ठेवले होते. लाल डोंगर नुसता. सूनबाईने अत्तर शिंपडलेलं. बँडमास्तर आला, वाकून ढिगाचा वास घेतला, मान हलवली. म्हणाला, आता कसं छान. सूनबाईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला. मी पडद्याआड खुर्चीवर, बटण पायाशी गाढ झोपलेलं. नात दाराशी उभी.

बँडमास्तरच्या स्वतःच्या कोटाची कॉलर तेवढी राहिली होती. मुलाने इस्त्री टेकवली. शूऽऽ.

बटण उठलं. पळालं नाही, घाबरलं नाही. शाळेत निघालेल्या गुणी पोरासारखं पडद्याखालून गेलं, स्टुलावर चढलं, स्टुलावरून टेबलावर, टेबलावरून कोटांच्या ढिगावर. पुढच्या पायांनी वरचा कोट जरा मळला. डोळे मिटले आणि बसलं.

दुकानात कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. जे ऐकू येत होतं ते येत होतं.

मुलगा इतका दचकला की त्याच्या हातून इस्त्रीचं बटण परत दाबलं गेलं. शूऽऽ. पिल्लू उठायच्या बेतात होतं, ते परत बसलं आणि पोटात उरलंसुरलं होतं तेही त्याने दिलं. आज्ञाधारकपणा म्हणजे किती असावा.

सूनबाई ओरडली नाही. कात्री तिच्या हातात नव्हतीच, तिने हातातला टेप खाली ठेवला. म्हणाली, आई, पिशवी आणा. बेकरी उघडी आहे अजून.

मी पिशवी आणायला उठले. तेवढ्यात नात म्हणाली, आई, थांब. बाबा, वाफ परत सोडा. तिने लाल कातरणीचा एक तुकडा जमिनीवर टाकला. इस्त्री म्हणाली शूऽऽ. बटण ढिगावरून खाली उतरलं, त्या तुकड्यावर गेलं, मळलं, बसलं. काही आलं नाही, पण बसलं. मग नातीने स्वतःच्या तोंडाने शूऽऽ केलं. परत बसलं.

नातीने माझ्याकडे बघितलं. आजी, तू शिकवताना तोंडाने काय म्हणायचीस गं?

मी म्हटलं, काही नाही, आपलं नेहमीचंच.

ती आत गेली आणि ट्रे घेऊन आली. आत लाल कातरण. मग सूनबाई आत गेली आणि दाराला टेकवलेली वाळूची पिशवी घेऊन आली, शिवण न उसवलेली. ट्रे, पिशवी, कोट, इस्त्री आणि मी, सगळे एका रांगेत. मागचं दार धाडकन आपटलं.

मला तेव्हा वाटलं, नाकातला बोळा काढून बघावा. काढला.

देवा रे. म्हणजे इतके दिवस हे सगळे यात बसून शिवत होते. मी बँडमास्तरकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, आजी, माझं पोट एकदम ठीक आहे. मी दोऱ्याच्या रिळांकडे बघायला लागले.

आणि मग तो हसायला लागला. त्याचे ते सैल गाल, आधी ते हसले आणि मग तो. म्हणाला, वर्षानुवर्षं हात हलवतोय मी, माझ्या बँडमधला एक माणूस इशाऱ्यावर सुरू होत नाही. ढोलवाला तर मी घरी गेल्यावर सुरू होतो. आणि हे एवढंसं पिल्लू. मास्तर, वरचे कोट धुऊन द्या, शनिवारी नेतो. आणि याला कुठे घालवू नका, माझ्या पोरांना आणून दाखवायचंय मला.

मुलगाही हसला. टाचण्या सांडल्या सगळ्या. किती वर्षांनी त्याचे पूर्ण दात बघितले मी. एक किडलाय.

सूनबाई हसली नाही. पिशवीकडे बघत राहिली, नातीकडे बघितलं, मग म्हणाली, मांजर राहू दे. त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. त्याचा काय दोष. मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, आई, त्याला खेळवा, गोंजारा, काय वाटेल ते करा. पण शिकवू नका काही.

गोंजारा म्हणे. मी. त्याला.

२८ मार्च, संध्याकाळी

वाळूची पिशवी उघडली. नातीने ट्रे भरला आणि पिल्लाला त्यात सोडलं. काही म्हटलं नाही, शूऽऽ नाही नि काही नाही. त्याने वाळू उकरली, केलं आणि वर झाकूनही टाकलं. आपोआप. तो डॉक्टर भेटला तर मी रस्ता बदलणार आहे.

वाफेची इस्त्री माळ्यावर गेली. मुलगा कापडावर हाताने पाणी शिंपडून साध्या इस्त्रीने ओढतो, कारण सवय सुटायला वेळ लागेल म्हणतात. घरात कुणी शूऽऽ करायचं नाही असा नियम झालाय. नियम माझ्यासाठीच असणार, पण सांगताना सगळ्यांना सांगितला.

मी ठरवलंय, आता त्या मांजराकडे ढुंकून बघायचं नाही. माझं काम संपलं. घाण, केस, ओकाऱ्या, पुरे झालं या वयात.

आत्ता मांडीवर झोपलंय, पण ते आपणहून येऊन झोपलंय. माझा संबंध नाही. पुढे सूनबाई आणि नात कशावरून तरी खिदळतायत, बहुतेक माझ्यावरूनच. एवढ्या मोठ्याने, की त्याचे कान हलायला लागले. मी पडद्यातून म्हटलं, शूऽऽ, झोपलंय ते.

म्हणून गेले आणि कळलं.

गरम. दोन्ही मांड्यांवरून खाली खुर्चीपर्यंत गेलं. शी, शी. आणि डोळेसुद्धा उघडले नाहीत मेल्याने, झोपेतच आज्ञा पाळली.

उठायला हवं. धुतलेले कपडे बाहेर दोरीवर आहेत, हाक मारली तर नात आणून देईल. पण मी उठले तर ते जागं होईल. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.

बसलेय.